जामच्या वरातीचं शूटिंग

सुमेध,

तू गेल्यावर झालेल्या तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाचं शूटिंग मी केलं नाही. तुझी आई, माझी मावशी, म्हणाली होती, "पल्लवी, तू काढ. तुह्याच हातानं होऊ दे." मी सरळ नाही म्हटलं. तिला वाईट वाटलं असणार. घरी आईनं ऐकवलं, बाबांनी ऐकवलं, शेजारच्या काकूंनीसुद्धा ऐकवलं की आपल्या माणसासाठी एवढं करायला काय जातं. मी कोणालाच काही सांगितलं नाही. दोन वर्षं आपण दोघांनी लोकांची लग्नं काढली, साखरपुडे काढले, शाळांची गॅदरिंगं आणि पुढाऱ्यांचे सत्कार काढले. तुझ्या हार घातलेल्या फोटोवर मी फोकस लावायचा? आधी फोटो जवळून, मग हळूहळू मागे येत वंदना म्हणणारी माणसं? तो शॉट कसा घ्यायचा हे मला पक्कं माहीत होतं, आणि ते माहीत असण्याचाच मला राग आला.

तो राग अजून उतरलेला नाही. लोक म्हणतात, रडून घे, मोकळी हो. मला रडू कमी येतं आणि चिडचिड जास्त होते. मी आईवर खेकसते, गाडीच्या किकवर राग काढते. भांडण अर्धवट टाकून निघून गेलेल्या माणसाचं काय करायचं, हे मला कोणी सांगत नाही. म्हणून लिहिते आहे. तुझ्याशी जे भांडायचं राहिलं ते इथे भांडून घेते. मध्ये बोलू नकोस. तुला तशीही ती सवय नव्हती. तू गप्प बसायचास, आणि आपलं सगळं बिघडलं ते तिथेच.

तू अकरावीला समुद्रपूरकडच्या तुमच्या गावाहून हिंगणघाटला आमच्या घरी राहायला आलास, तेव्हा मी बारावीला होते. मावशीनं तुझी पिशवी ठेवली, आणि मला मोरीपाशी नेऊन हळूच सांगितलं, "याले पाणी पेत राहायले सांगजो. अंग दुखलं तं सांगत नाई हा. लक्ष ठेवजो बाई." शाळेत रक्त तपासलं होतं तेव्हा तुला सिकलसेल, रक्ताचा जन्मजात आजार, निघाला होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. थंडीत तुझे पाय दुखायचे. नुसते दुखायचे असं नाही, हाडाच्या आत कोणी पाना घालून फिरवतंय असं वाटतं, असं तूच एकदा म्हणाला होतास. उन्हात पाणी कमी पडलं की तेच. गोळ्या तू न चुकता घ्यायचास, पण त्यांची डबी पावडरच्या डब्यामागे लपवून ठेवायचास. आमच्याच घरात, आमच्यापासून! मी तेव्हा हसले होते. तेव्हाच हसायला नको होतं.

आणि मला या धंद्यात आणलंस तूच. मी वर्ध्याला सहा महिन्यांचा कॅमेऱ्याचा कोर्स केला तेव्हा बाबांना वाटलं होतं, पोरीची हौस फिटेल आणि ती बी.एड.ला जाईल. बाबा जिनिंगमध्ये फिटर. त्यांना मशीन कळतं, पण मुलीनं खांद्यावर मशीन घेऊन परक्यांच्या मांडवात फिरावं हे कळत नव्हतं. तू बी.ए. संपवून राजूभाऊंच्या स्टुडिओत चिकटला होतास. एका रविवारी तू बाबांसमोर बसलास आणि म्हणालास, "मावसाजी, मी आहो ना संग. ती माह्या नजरेपुढंच राहीन." बाबा म्हणाले, "तुह्या भरवशावर हो." म्हणजे तू माझ्यावर लक्ष ठेवणार होतास आणि मी तुझ्यावर. दोन्ही घरांनी आपल्याला एकमेकांच्या राखणीला बसवलं होतं. माझ्या हातात आज कॅमेरा आहे तो त्या रविवारमुळे, हे मी मान्य करते. नाही केलं तर खोटं ठरेल.

पण पहिल्याच दिवशी, स्टुडिओच्या जिन्यात, तू मला शपथ घातलीस. "राजूभाऊले माह्या तब्येतीचं काही सांगू नको. कोणालेच नको सांगू."

"काऊन?"

"काऊन म्हणजे? बिमार माणसाच्या हाती कोणी लाखाचा कॅमेरा देते काय? दुकानात बसवतीन. पासपोर्ट फोटो काढत बस म्हणतीन जिंदगीभर."

मी हो म्हटलं. तेव्हा ती गोष्ट मला लहान वाटली.

सुरुवातीचे दिवस आठव. कॅमेऱ्याला हातच लावू देत नव्हते. आपण केबल सोडायचो, केबल गुंडाळायचो, बॅटऱ्या चार्जिंगला लावायचो, लाइटचं स्टँड धरून उभे राहायचो. माझी केबल दर वेळी पिळा मारायची. तू एक वळसा वरून, एक वळसा खालून असं करत ती गोल पाडायचास, आणि दुसऱ्या दिवशी फेकली की सरळ सुटायची. तू मला ते शिकवलंस, चार वेळा, न चिडता. मी पाचव्या वेळीही चुकले तेव्हा म्हणालास, "राहू दे वं. तू फ्रेम पाह्यत जा. तुही नजर चांगली आहे." हे तू आपणहून म्हणाला होतास. पुढे जे झालं ते पाहता हे वाक्य मला टोचतं.

तुझा गॉगलही आठवतो. मंडपात, हॉलमध्ये, ढगाळ दिवशीसुद्धा गॉगल. सगळ्यांना वाटायचं पोरगा स्टाइल मारतो. राजूभाऊ ओरडायचे, "अरे हिरो, गॉगल काढ! त्याच्यातून फोकस कसा दिसते तुले?" तू हसायचास आणि काढायचा नाहीस. तुझे डोळे पिवळे दिसायचे. एका नवरीच्या मामानं "कावीळ झाली काय रे?" असं विचारलं, त्या दिवसापासून तू गॉगल घेतलास, हे फक्त मला माहीत होतं. तुझी सगळी गुपितं माझ्याकडे जमा होत गेली. ती सांभाळायला मला कोणी विचारलं नव्हतं.

पहिल्या वर्षाअखेर तुला कॅमेरा मिळाला आणि मलाही. तुला वरात, मंडप, स्टेज. मला नवरीची खोली. "बायांत बाईच बरी वाटते," राजूभाऊ म्हणाले. ते वाईट माणूस नाहीत. त्यांच्या डोक्यात एक नकाशा आहे आणि त्यात माझी जागा आरशासमोर होती. मेंदी, बांगड्या, मेकअप, परत मेंदी. बाहेर नगारे वाजायचे आणि मी आत नथीवर फोकस लावून उभी. तुझं दुखणं तुला लपवता यायचं. मी मुलगी आहे हे मला लपवता येत नव्हतं. हे मी तुला एकदा म्हटलं होतं. तू म्हणालास, "मग तू सुखी आहेस. लपवाले मेहनत लागते." मला ते उत्तर पटलं नाही. आजही पटत नाही.

आणि मग जाम गाव.

मे महिना, हायवेजवळचं लॉन, एका व्यापारी घरचं लग्न, साडेअकराला वरात. एवढ्या उन्हात वरात काढणाऱ्यांना काय म्हणावं? तू गिंबलवर होतास. कॅमेरा हलू नये म्हणून असलेला तो दांडा दोन्ही हातांत धरून, गुडघे वाकवून चालायचं. पाच मिनिटांत दंड भरून येतात. तू सकाळपासून पाणी प्यायला नव्हतास. का, ते मला माहीत आहे. पाणी प्यायलं की लघवीला जावं लागतं, लघवीला गेलं की वरात पुढे जाते, आणि कॅमेरामन दिसला नाही की मुलाकडचे बोंबलतात. या धंद्यात नवरदेवाच्या घोडीसाठी पाण्याची बादली असते, ती मी डोळ्यांनी पाहिली. कॅमेरा धरणाऱ्याच्या पाण्याची आठवण कोणाला होत नाही.

मी कार्ड बदलायला गाडीकडे आले तर तू जनरेटरच्या मागे जमिनीवर बसला होतास. गिंबल मांडीवर, पाठ चाकाला. ओठ पांढरे पडलेले.

"सुमेध! पाणी पेला का तू?"

"धर हे. जाय. नवरदेव चौकात आला असन."

"मी राजूभाऊले बलावतो."

"पल्लवी, तुले शपथ आहे माही. जाय ना वं! शूटिंग सुटून राह्यलं."

मी माझी बाटली तुझ्या हातात दिली, तुझ्या हातातलं गिंबल घेतलं आणि धावले. आत नवरीचं आवरायचं बाकी होतं, राजूभाऊ स्टेजवर लाइट लावत होते, त्यामुळे बाहेर काय चाललंय ते त्यांना दिसत नव्हतं. वरातीपुढच्या धुमाळ पार्टीचे ढोल छातीत वाजत होते. एक ढोलवाला दुसऱ्याला ओरडून म्हणाला, "अबे, पोरगी शूटिंग करून राह्यली पाह्य!" मी उलटी चालत होते. डांबर चपलेतून भाजत होतं. नवरदेवाची बहीण घोडीचा लगाम धरून पुढे चालत होती, त्याचा सेहरा सारखा घसरत होता, आणि तो सरळ करायला ती टाचा उंचावत होती पण हात पोचत नव्हता. मग तो घोडीवरून खाली वाकला, तिच्यासाठी, आणि तिनं चालता चालता सेहरा नीट केला आणि त्याच्या गालावर एक चापट मारली. सगळं एका दमात, न तुटता. मी मागे विटांच्या ढिगावर पडणारच होते, एका ढोलवाल्यानं माझ्या बॅगेचा पट्टा धरून मला बाजूला ओढलं. शॉट हलला नाही. एक तास मी वरात काढली, सुमेध. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की मी हे काम करू शकते. शिकलेलं दाखवायला नव्हे, मला ते खरंच येतं म्हणून.

लॉनच्या दारात पोचलो तेव्हा तू उठून आला होतास. तोंड धुतलेलं, गॉगल लावलेला. गिंबल माझ्याकडून घेतलंस. राजूभाऊंना म्हणालास, "जरासं ऊन लागलंतं, पण झालं." मी परत नवरीच्या खोलीत गेले.

चार दिवसांनी एडिटिंगला आपण तिघे बसलो होतो. तो शॉट आला आणि राजूभाऊंनी थांबवला, मागे नेला, परत लावला. "हा कसा घेतला बे? एवढ्या उन्हात उलटा चालून? वा रे पठ्ठ्या! आपल्या दुकानात आजवर असा शॉट नाई झाला." ते तुझ्याकडे बघत होते. मी तुझ्याकडे बघत होते. तू स्क्रीनकडे बघत होतास.

आणि म्हणालास, "हाव भाऊ."

दोनच शब्द. तो शॉट स्टुडिओच्या पेजवर गेला, खाली तुझं नाव. त्या शॉटवर तुला मुख्य कॅमेरा मिळाला. मी पुढचे आठ महिने आरशासमोर.

तुला वाटत असेल मी ते विसरले. जामच्या चौकातल्या चहाच्या टपरीवर मी तुला पकडलं होतं, पुढच्याच आठवड्यात. ट्रक जात होते, म्हणून मोठ्यानं बोलावं लागत होतं. त्यामुळे ते भांडण होतं त्याहून मोठं वाटलं असेल, पण मोठं ते होतंच.

"तू बोलला काऊन नाई?"

"काय बोलू? तुहं नाव सांगतलं तं ते इचारतीन, मंग तू कुठं होता एक तास."

"तं सांग ना कुठं होता! बिमारी आहे, चोरी केली काय?"

"तुले सोपं वाटते."

"मले सोपं? माहं काम तू घेऊन बसला अन् मले सोपं?"

तू चहाचा कप ठेवलास. म्हणालास, "तुले पुन्हा चान्स भेटन, पल्लवी. मले नाई भेटनार." आणि गाडीत जाऊन बसलास.

याचं उत्तर मला नंतर रोज सुचत राहिलं. तुझी भीती खरी असेल, पण तिची किंमत मी का द्यायची? हे विचारायचं होतं. तू आजारी आहेस म्हणून मी रागवायचं नाही, हा कुठला न्याय? हेही विचारायचं होतं. आणि तिसरं, जे मी स्वतःशीसुद्धा नीट बोलले नव्हते. मी राजूभाऊंना सांगू शकत होते. एक शब्द पुरला असता. तुझी शपथ होती म्हणून मी गप्प राहिले, असं मी सगळ्यांत आधी स्वतःला सांगितलं. पण मला वाटतं, तू आपणहून बोलावंस अशी माझी जिद्द होती. मी हट्टानं गप्प राहिले. तू भीतीनं. आणि राजूभाऊंना वाटत राहिलं की पोरं कामात आहेत म्हणून बोलत नाहीत.

सात-आठ महिने आपण कामापुरतं बोललो. "बॅटरी दे." "घे." "गाडी काढ." "काढली." घरी आई विचारायची, "तुमचं काय बिनसलं?" आपण दोघे एका सुरात म्हणायचो, "काई नाई." खोटं बोलताना मात्र आपली एकी होती.

मग आष्टीची कबड्डी आली. जानेवारीतली थंडी, दिवसभराचे सामने, मोबाइलवर लाइव्ह दाखवायचे म्हणून तीन कॅमेरे. तुला वर मचाणावर मुख्य कॅमेरा. मैदानाच्या कडेच्या कॅमेऱ्यावरचा माणूस ऐन वेळी आला नाही, आणि राजूभाऊंनी इकडेतिकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिथे नवरी नव्हती, आरसा नव्हता. त्यांना दुसरा इलाज नव्हता. "जमन का तुले?" मी म्हटलं, "जमन." तिघांच्या कानात हेडफोन होते, बोललेलं एकमेकांना ऐकू यायचं.

पहिल्या सामन्यात मी गडबडले. चढाई करणारा खेळाडू डावीकडे झुकला की मी डावीकडे, आणि तो उजवीकडे निघून जायचा. माझी फ्रेम रिकामी. तिन्ही कॅमेऱ्यांतलं चित्र निवडायच्या मिक्सरवरून राजूभाऊ शिव्या घालायला लागले. आणि कानात तुझा आवाज आला, सात-आठ महिन्यांनी, नेहमीसारखा शांत. "पल्लवी, त्याच्या पायाकडं नको पाहू. कंबरेकडं पाह्य. पायानं तो फसवते, कंबर नाई फसवत."

मी कंबरेकडे बघायला लागले. दुपारपर्यंत राजूभाऊ माझाच कॅमेरा जास्त घेत होते. तू वरून सांगत राहिलास, "आता येते तुह्याकडं… हं, घे… बराबर." मी फक्त करत होते. आपलं भांडण मिटलं असेल तर ते तेव्हा मिटलं. पण आपण मिटवलं नाही, ते बाजूला पडलं, आणि मला आता या दोन्हींतला फरक कळतो.

जेवणाच्या सुट्टीत तू मचाणाच्या शिडीवरून उतरलास. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. शिडीचा लोखंडी गज धरलेली तुझी बोटं उघडत नव्हती. मी खाली उभी होते. मला दिसत होतं. मी म्हटलं, "दुखून राह्यलं ना?" तू म्हणालास, "थंडी आहे." पत्रावळीवर भात घेऊन आपण शेजारी बसलो. तू अर्धा भात तसाच ठेवलास आणि म्हणालास, "पुढच्या खेपेले वर तू चढजो."

"राजूभाऊ चढू देतीन काय मले?"

"मी सांगतो त्याईले. सगळंच सांगतो."

"सगळं म्हणजे?"

तेवढ्यात माइकवरून पुढच्या सामन्याचा पुकारा झाला. तू उठलास. सगळं म्हणजे काय, सुमेध? जामचं? तुझं? की दोन्ही? मी हे वाक्य किती वेळा उलटसुलट करून बघितलं. तू सांगणार होतास असं मानलं तर मला तुझ्यावर रागावता येत नाही. नव्हतास असं मानलं तर तुझ्यासाठी नीट रडता येत नाही. तू मला दोन्हीकडून अडकवून ठेवलंस.

त्यानंतर तीन आठवडे. आधी ताप, मग छातीत दुखायला लागलं, मग वर्ध्याच्या दवाखान्यात भरती. डॉक्टर म्हणाले, या आजारात छातीत असं होतं आणि ते झपाट्यानं वाढतं. दुसऱ्या दिवशी मी भेटायला येणार होते, पण सत्काराचा एक कार्यक्रम लागला आणि माणसं कमी होती. माणसं कमी का होती? कारण तू नव्हतास. मला वाटलं, परवा जाऊ. तू आधीही दोनदा भरती होऊन आला होतास. दुपारी तुझा मेसेज आला: "तीन नंबरची बॅटरी लवकर उतरते. आधी ती नको लावू." मी धावपळीत होते. मी नुसता अंगठा पाठवला.

तुला मी पाठवलेलं शेवटचं काय, तर एक पिवळा अंगठा. बॅटरीच्या उत्तरात. मी फोन हातात घेऊन कितीदा ते बघते आणि कितीदा फोन आपटावासा वाटतो, काय सांगू. तुला बॅटरीशिवाय दोन ओळी लिहिता आल्या नाहीत? मला एक लिहिता आली नाही?

परवा मी आलेच नाही. त्याआधी मावशीचा फोन आला.

राजूभाऊ तोवर साधा ताप समजत होते; तुझ्या खऱ्या आजाराचं त्यांना कळलं ते तुमच्या गावी, अंत्यविधीला. बाबांनी सांगितलं. राजूभाऊ मला बाजूला घेऊन गेले, तुमच्या घरामागच्या कडुलिंबाखाली, आणि त्यांचा चेहरा असा झाला होता जसा मी कधी पाहिला नव्हता. "मले काऊन नाई सांगतलं तुम्ही? मी काय राक्षस आहो काय? माह्या पोराले मी उन्हात उभं केलं असतं काय?" ते रडत होते. मला त्यांची कीव यायला हवी होती. मला त्यांचाही राग आला. कधी विचारलंत? दोन वर्षांत एकदा तरी विचारलंत का, की सुमेध, तू उन्हात असा का बसतोस? पण तोंडातून एवढंच निघालं, "त्यानं शपथ घातलती." ते खरं बोलत असतील. त्यांनी तुला सांभाळून घेतलं असतं, किंवा दुकानात बसवलं असतं. आता ते कळायला मार्ग नाही. तू विचारून बघितलंच नाहीस. उत्तर आधीच ठरवून टाकलंस, स्वतःसाठीही आणि माझ्यासाठीही.

आणि पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्यांनी काय करावं? श्रद्धेनं, चांगल्या मनानं, स्वतःच्या खर्चानं त्यांनी एलईडी स्क्रीन आणली, तुमच्या अंगणात लावली, आणि वंदनेनंतर तुझं सगळ्यांत चांगलं काम म्हणून जामची वरात दाखवली. बहीण लगाम धरून चालते आहे, भाऊ घोडीवरून वाकतो आहे, गालावर चापट. अख्खं गाव बघत होतं. लोक हळहळत होते, काय पोरगा होता, काय हात होता त्याचा. मावशीनं पदर तोंडात धरला. मी मागच्या ओळीत बसून माझाच शॉट बघत होते आणि तुझ्यासाठी रडत होते. तेवढंच एकदा मी धड रडले. रडताना मनात म्हणत होते, मेल्यावरसुद्धा सोडत नाहीस.

आता तो शॉट सगळ्यांच्या स्टेटसवर आहे, तुझ्या फोटोबरोबर. मावशी मला फोनवर दाखवते, "पाह्य, माह्या लेकानं काढलं." मी म्हणते, "हाव मावशी." तुझ्यासारखेच दोन शब्द मला म्हणावे लागतात. ते म्हणायला किती सोपे आहेत, हे त्यानिमित्तानं कळलं. जीभ अडत नाही. पुढचं सगळं अडतं.

राजूभाऊंना मात्र मी सांगितलं. मागच्या सोमवारी, स्टुडिओत कोणी नसताना. वरात, जनरेटर, गिंबल, एक तास. ते कीबोर्डवरची धूळ पुसायला लागले. मग म्हणाले, "पेजवरचं नाव बदलू काय?"

कितीतरी महिने मी हा प्रश्न ऐकायची वाट पाहिली होती. मनात उत्तर तयार होतं, त्याचा सूरसुद्धा ठरला होता. आणि मी म्हटलं, "राहू द्या."

याला मोठेपणा समजू नकोस. मला मोठेपणा वगैरे काही आलेला नाही. मावशीचा फोन डोळ्यासमोर आला, एवढंच. तिच्याकडे तुझं दुसरं काय आहे? थोड्या वेळानं जिन्यात मला वाटलं की परत वर जावं आणि सांगावं, बदला. मी चार पायऱ्या चढले आणि उतरले. अजूनही नक्की नाही. कधीतरी बदलायला सांगीनही. तुला आधी कळवणार नाही.

काल एका शाळेचं गॅदरिंग होतं, हिंगणघाटातच. सकाळी नऊपासून, उघड्या मैदानावर. मुख्य कॅमेरा माझ्याकडे. जागा रिकामी झाली म्हणून मिळालेला कॅमेरा. असा मला नको होता, पण घेतला. मचाण बांधून झालं. मी ट्रायपॉड लावला, समतोल बघितला, हेडफोन चढवला. आणि वरून खाली बघत राजूभाऊंना म्हटलं, "भाऊ, इथं एक खुर्ची पाहिजे."

"खुर्ची? कोणासाठी?"

"माह्यासाठी. कॅमेऱ्यापाशी."

"काऊन? पाय गिय दुखते काय तुहे?"

"नाई दुखत. मले काई झालं नाई. पाच घंटे उभं राहायचं आहे, मधात बसाले पाहिजे. बाकीच्या दोन कॅमेऱ्यांपाशी बी ठेवा."

तू तर ती मागितलीच नसतीस. मला वाटलं ते हसतील, म्हणतील कॅमेरामन कधी बसते काय. शाळेचे सर तिथेच उभे होते, ते काय म्हणतील असंही वाटलं. राजूभाऊ वळले आणि मंडपवाल्याला हाक मारून म्हणाले, "ए भाऊ, तीन खुर्च्या दे रे इकडं."

बस. एवढंच. एका काऊनपलीकडे कोणी काही विचारलं नाही, कोणी दुकानात बसवलं नाही. मंडपवाल्यानं रचलेल्या थप्पीतून लाल प्लास्टिकची खुर्ची ओढली, पायरीवरून वर दिली, आणि मी ती कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला ठेवली. दोन मिनिटं लागली असतील, सुमेध. दोन मिनिटंसुद्धा नाही.

मी तिच्यावर बसले नाही. खाली पहिलीची पोरं फुलपाखरांचे पंख लावून रांगेत आली, गाणं सुरू झालं, राजूभाऊ कानात म्हणाले, "एक नंबर कॅमेरा, तुह्यावर आहे, घे." आणि मला तुझा इतका राग आला की समोरचा फोकस दिसेना.